उजनीकाठची रात्र

तंबूत झोपायला माझा ठाम नकार होता. थंडी, विंचूकाटा, धाकटीचा खोकला, आणि रात्री-अपरात्री काही झालंच तर दवाखाना कुठे शोधायचा? पण पोरं आणि हे मागेच लागले. शेवटी काल करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरजवळ, ओळखीच्यांच्या रानात मुक्काम केला.

जेवणाची काळजी नव्हती. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. प्रवासाची शिदोरी आम्हा सोलापूरकरांनीच बांधावी, हे मी छातीठोक सांगेन!

अंधार पडल्यावर थोरल्याला मृगाचे तीन तारे दाखवले. त्या बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, हे मला आजोबांनी गच्चीवर शिकवलेलं. सोलापुरात आमच्या सात रस्ता चौकाच्या दिव्यांत कृत्तिकांचा पुंजका नीट दिसत नाही, इथे पोरांनी त्यातला एकेक तारा मोजला. मोबाईलची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

झोप मला फारशी लागली नाही. जरा खसफस झाली की मी टॉर्च लावायची. धाकटी मात्र गाढ झोपली, एकदाही खोकली नाही.

सकाळी पाण्यावर पट्टकादंबांचा थवा उतरला. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात म्हटल्यावर धाकटी किती वेळ गप्पच उभी होती.

पुढच्या खेपेला सासूबाईंनाही न्यायचंय. त्यांना खाली बसता येत नाही, घडीची खाट कुणाकडे असेल तर कळवा. संक्रांतीच्या आत जायचं ठरतंय.