टोरांटोत मधुमालती जगवताना

चिपळूणच्या घरी मधुमालतीला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही. विहिरीपासून थेट कौलांवर चढलेली. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं सकाळी शाळेत निघेपर्यंत गुलाबी झालेली असायची. टोरांटोतल्या एका नर्सरीत तिचं वीतभर रोप दिसलं तेव्हा किंमत न विचारताच मी ते उचललं. शेजारची बोगनवेलही घेतली.

उन्हाळा छान गेला. सप्टेंबरअखेर रात्री पारा १० अंशांखाली उतरायला लागला, तशा दोन्ही कुंड्या दिवाणखान्यात हीटरच्या जाळीजवळ आणून ठेवल्या. ऊब मिळाली की बास, असं वाटत होतं. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडू लागली. पान गळलं की मी पाणी घालायची. अजून गळली की अजून पाणी. उरलेल्या पानांच्या मागे बारीक जाळी दिसली, ती लाल कोळ्याची. गरम, कोरड्या हवेत ही कीड झपाट्यानं वाढते. जानेवारीत मधुमालतीची माती उकरली तर कुबट वास आला. मुळाला हात लावला आणि त्याची साल मोज्यासारखी निसटून बोटांत आली. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही.

बोगनवेलीचा तर नुसता सांगाडा उरला होता. ती मेली असं समजून पायऱ्यांखालच्या कोल्ड रूममध्ये सारली आणि विसरले. तिथे उजेड नाही, हिवाळाभर सात-आठ अंश. एप्रिलमध्ये काहीतरी काढायला गेले, तर काट्यांच्या बेचक्यांतून फिकट पोपटी कोंब डोकावत होते! थेंबभर पाणी नाही, आणि जिवंत.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डिसेंबरात इथला दिवस जेमतेम नऊ तासांचा. एवढ्या उजेडात वेलीचं पोट भरत नाही, आणि ऊब तिला झोपू देत नाही. पानं गळाल्यावर ती पाणीही फारसं ओढत नाही, मग माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. म्हणजे माझी मधुमालती थंडीनं नाही, माझ्या मायेनं गेली.

पुढच्या वर्षी नवं रोप आणलं. आत घेण्याआधी पानांच्या मागून साबणाच्या पाण्याचा फवारा मारला आणि हातभर ठेवून वेल छाटली. बोगनवेल कोल्ड रूममध्ये गेली. मधुमालती जास्त नाजूक, म्हणून तिला हीटर बंद केलेल्या खोलीत ठेवलं, तेरा-चौदा अंशांत. कुंडी उचलून हलकी लागली तरच कपभर पाणी. ते साधारण तीन आठवड्यांनी. आई व्हिडिओवर बघून कळवळायची, "अगं, एवढ्याशा पाण्यावर जगेल का ती?" माझाही जीव खालीवर व्हायचा. फेब्रुवारीत न राहवून नखानं साल जराशी खरवडली. तपकिरी सालीखाली ओलसर हिरवी रेघ होती. मी तो ओरखडा किती वेळ बघत बसले होते!

एप्रिलमध्ये दक्षिणेच्या खिडकीत आणून पाणी हळूहळू वाढवलं. बाहेर न्यायची घाई मात्र करू नका. इथे मे महिन्यातही एखाद्या रात्री दव गोठतं. मी व्हिक्टोरिया डेचा, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सुट्टीचा, सोमवार उलटल्यावरच कुंड्या बाहेर काढते, आणि तेही पहिला आठवडा सावलीत. एकदा थेट उन्हात ठेवली, तर दोन दिवसांत पानं भाजून पांढरी पडली होती.

जुलैत पहिला घोस आला. रात्रीचे नऊ, नुकता सूर्य मावळलेला, आणि लांब देठावरच्या कळ्या एकेक करून पांढऱ्या उमलत होत्या. मी आईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. ती फोन घेऊन तशीच अंगणात आली आणि विहिरीजवळचा घोस दाखवला. तिची फुलं गुलाबी झाली होती.