पणजोबांचं लुगर आणि १९२० चा ठसा

वडिलांकडून आलेल्या पिस्तुलाबद्दल आमच्या घरात दोनच गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, ते 'लुगर' या जर्मन बनावटीचं आहे. दोन, पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धात एका जर्मन अधिकाऱ्याकडून मिळवलं. पैकी पहिली गोष्ट खरी निघाली.

कागदपत्रं पुरी होईपर्यंत पिस्तूल एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होतं, त्यामुळे तपासणीही त्यांच्याच टेबलावर झाली. (कायदे देशोदेशी वेगळे असतात. 'शंभर वर्षांचं आहे, त्याला कसला परवाना' हे घरच्या घरी ठरवू नये.) त्यांनी आधी मॅगझिन काढलं, मग वरचे दोन गोल खुंटे धरून गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा मागे ओढला आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत, डोकावून पाहिलं. लुगरमध्ये काडतूस भरलेलं असलं की वरची एक पट्टी किंचित उचलली जाते आणि तिच्या बाजूला 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेलं', असं दिसतं. तरी त्यांनी आत डोळ्यांनी पाहिलंच. या पिस्तुलाची खोड अशी की वरचा भाग सुटा केला तरी चेंबरमध्ये राहिलेली गोळी उडू शकते. हे ऐकल्यावर मी खुर्ची जरा मागे घेतली.

पुढची सगळी गंमत ठशांची. सांध्यावर एकमेकांत गुंफलेली डीडब्ल्यूएम ही अक्षरं: बर्लिनची कंपनी. तिथे मुकुट आणि 'एरफुर्ट' असतं, तर ते सरकारी कारखान्याचं ठरलं असतं. नळी साधारण १० सेंटीमीटरची, म्हणजे जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेलं नेहमीचं पी ०८. नौदलाची नळी १५ सेंटीमीटरची आणि तोफखान्याची २० ची. ती दुर्मीळ, म्हणून महाग, आणि महाग म्हणून बनावटही जास्त.

चेंबरच्या माथ्यावर १९१६ होतं. इथवर पणजोबा सुरक्षित होते. पण बाजूचा प्रकाश तिरका पाडल्यावर त्याच जागी आणखी एक आकडा वाचता आला: १९२०. युद्धानंतर जर्मनीत लोकांकडची शस्त्रं काढून घेण्याची मोहीम निघाली, तेव्हा सैन्याची आणि पोलिसांची पिस्तुलं ही सरकारी मालमत्ता आहे हे कळावं म्हणून त्यांवर असा दुसरा ठसा मारला गेला. म्हणजे १९२० मध्ये आमचं पिस्तूल जर्मनीतच सरकारी नोकरीत होतं. पणजोबा तोवर कधीच घरी परतले होते.

दुसऱ्या महायुद्धात होते ते आजोबा. बहुधा गोष्ट एक पिढी मागे सरकली असावी. पण हा माझा अंदाज, आणि अंदाजाला लिलावात दमडी मिळत नाही. हस्तगत केल्याचं पत्र असतं, त्यावर पिस्तुलाचा क्रमांक असता, तर किंमत खरंच वाढली असती. नुसत्या कौटुंबिक कथेला खरेदीदार हसून मान डोलावतो.

किमतीचा खरा हिशोब बारीक आकड्यांत असतो. मुख्य क्रमांकाचे शेवटचे दोन अंक लुगरच्या कितीतरी छोट्या भागांवर मारलेले असतात: चाप, बाजूची पट्टी, सांध्याचे तुकडे, अगदी काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिनसुद्धा. सगळे जुळले तर सोनं. माझ्याकडे बाजूची पट्टी परक्या अंकांची निघाली, आणि लाकडी बुडाचं मॅगझिन योग्य काळातलं असलं तरी त्याचाही क्रमांक वेगळा. विक्रेत्यांच्या मते एवढ्यानेच भाव बराच उतरतो.

जमेची बाजू एकच, पण मोठी: कुणी त्याला चकाचक केलेलं नाही. मूळ निळसर-काळी झाक कडांवर उडाली आहे, चाप आणि आणखी काही छोट्या भागांचा पिवळसर रंग मात्र टिकून आहे. पॉलिश पेपर घेऊन बसणारा एखादा हौशी नातेवाईक आमच्यात निपजला नाही, हे नशीब. नव्याने काळं केलेलं पिस्तूल दिसतं देखणं, पण संग्राहक त्याला नाक मुरडतात. गंजाला हात न लावता धातूवर तेलाचं अगदी पातळ बोट, एवढंच करायचं. लाकडी दस्त्याला तेही नाही. चामड्याचं होल्स्टर वेगळं ठेवायचं, कारण चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी आणि त्यात धरलेल्या ओलीने धातू खराब होतो.

भाव काढताना विक्रेत्यांनी जाहिरातीतल्या किमती पाहिल्याच नाहीत. तिथे कुणीही काहीही मागतो. त्यांनी लिलावात प्रत्यक्ष विकली गेलेली दुहेरी तारखेची, न जुळणाऱ्या भागांची पिस्तुलं शोधली आणि मला दोन आकडे लिहून दिले: विम्यासाठी चढा, विक्रीसाठी उतरता.

काकांना मी ठशाचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "जर्मनांचीच चूक झाली असेल."