एका काळवंडलेल्या दातासाठी घालवलेले पाच आठवडे

माझा वरचा समोरचा एक दात वर्षभरात हळूहळू करडा पडत गेला. तो दुखत नव्हता, हलत नव्हता, त्यामुळे प्रश्न फक्त दिसण्याचा आहे असे मी गृहीत धरले आणि नेहमीच्या दंतवैद्यांना न विचारता थेट एका कॉस्मेटिक डेंटिस्टची वेळ घेतली. तिथे गेलेले पाच आठवडे मला आजही सलतात.

पहिल्या भेटीत एक लांबलचक अर्ज भरून घेतला आणि समोरून, बाजूने, ओठ मिटून, हसून असे फोटो काढले. दुसऱ्या भेटीत माझ्याच चेहऱ्यावर नवे, एकसारखे पांढरे दात बसवून पडद्यावर दाखवले. ते पाहून मला मोह झाला, हे मी नाकारत नाही. तिसऱ्या भेटीत सहा दातांवर व्हीनियर, म्हणजे दाताच्या समोरच्या बाजूवर चिकटवायचे पातळ कवच, बसवण्याचे संमतिपत्र पुढे आले. काळवंडला होता एकच दात, म्हणून तो एकटाच का काळा पडला असे मी विचारले, तेव्हा ‘वरून व्हीनियर बसले की रंग दिसणारच नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पेन हातात असतानाच माझी नजर खालच्या ओळीवर गेली: दाताचा पृष्ठभाग घासल्यावर तो पूर्ववत होणार नाही, याची मला कल्पना आहे. व्हीनियरसाठी बहुतेक वेळा सुमारे अर्धा मिलिमीटर इनॅमल (दाताचा वरचा कठीण थर) घासावे लागते आणि इनॅमल पुन्हा तयार होत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत कोणीही सांगितले नव्हते. एक्स-रे काढणार का, असे विचारल्यावर ‘गरज वाटली तर घासायच्या दिवशी काढू’ असे सांगण्यात आले. संमतिपत्राची प्रत घरी नेऊन वाचायला मागितली, तर सहीशिवाय प्रत मिळणार नाही, हवे तर पुढच्या आठवड्याची वेळ घ्या, असे स्वागतकक्षात ऐकावे लागले. मी सही न करता उठले. त्या अर्जात हास्य कसे हवे यावर पानभर प्रश्न होते. दाताला कधी मार लागला होता का, हा प्रश्न मात्र कुठेही नव्हता.

माझ्या नेहमीच्या दंतवैद्यांनी सर्वांत आधी तोच प्रश्न विचारला, आणि लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचे मला आठवले. त्यांनी गार केलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाताला टेकवला तेव्हा मी दचकले. काळवंडलेल्या दाताला तो टेकवला तरी मला काहीच जाणवले नाही. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी गडद सावली दिसली. मार लागलेल्या दाताची नस अनेक वर्षांनीही मरू शकते, दात आतून रंग बदलतो आणि संसर्ग हाडात न दुखता वाढत राहतो, हे त्यांनी मला एक्स-रेवर बोट ठेवून समजावले. व्हीनियरखाली हे सगळे तसेच झाकले गेले असते. रूट कॅनाल दोन भेटींत झाले. त्यानंतर दाताच्या आत उजळवणारे औषध भरून, ते दोनदा बदलून, रंग बराचसा परत आला.

सामान्य दंतवैद्य किडलेले दात, हिरड्या, नसा आणि मुळे पाहतो. कॉस्मेटिक काम करणारा रंग, आकार आणि ठेवण पाहतो. मात्र ‘कॉस्मेटिक’ ही अनेक ठिकाणी स्वतंत्र मान्यताप्राप्त विशेष शाखा नाही. अमेरिकेतील 12 मान्य दंतविशेष शाखांतही तिचा समावेश नाही. म्हणून पाटीवर विसंबू नये, त्या डॉक्टरांचे शिक्षण विचारावे आणि त्यांनी केलेल्या कामाचे आधीचे व नंतरचे फोटो मागावेत. कौशल्य मात्र खरे असते. माझ्या दाताची झिजलेली कड भरायला दंतवैद्यांनीच मला दुसऱ्या एका कॉस्मेटिक डॉक्टरांकडे पाठवले, आणि कडेचा तो किंचित पारदर्शकपणा त्यांनी कंपोझिटच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाच्या, थरांतून इतका हुबेहूब साधला की जोड मला स्वतःलाही सापडत नाही. ब्लीचिंगनंतर लगेच कंपोझिट नीट चिकटत नाही, म्हणून त्यांनी मला दोन आठवडे थांबवले. ती वाट मला जराही जड गेली नाही. शेड, म्हणजे रंगाची छटा, ठरवताना दात ओला असावा आणि उजेड दिवसाचा असावा, कारण कोरडा दात प्रत्यक्षापेक्षा पांढरा दिसतो. त्यांनी मला खिडकीजवळ उभे करून, काम सुरू करण्याआधीच शेड जुळवली.

दात पांढरे करून घ्यायचे असतील तर तेही कंपोझिट किंवा कॅपच्या आधीच उरकावे, कारण त्यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा मुळाशी असलेली सावली बरीच लहान झाली होती. बाकीचे पाच दात अजून न घासलेले, माझे आहेत.