एकट्याने, तेही संध्याकाळी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘एकटेच शिखरावर जाता, तेही दिवस कलल्यावर, अंधाराची भीती नाही वाटत?’ हा प्रश्न मला ठरलेला. अंधाराची नाही वाटत. कातळाची वाटते, आणि तीही उतरताना.

चढताना खोबण डोळ्यांसमोर असते. बोटं घालून चाचपायची, खात्री पटली की वजन टाकायचं. उतरताना तीच खोबण पोटाखाली दडते आणि बुटाच्या टोकाने शोधावी लागते. दोन हात आणि एक पाय पक्के असल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही, हे खरं. पण हलवलेला पाय ठेवायचा कुठे, ते दिसायला तर हवं!

हेडटॉर्च असतो की, असं म्हणाल. असतो. पण कपाळावरचा उजेड नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळे खडकावर सावल्या दिसत नाहीत आणि खाच कुठली, नुसता डाग कुठला, ते कळेनासं होतं. पायवाटेवर याला सोपा इलाज आहे. टॉर्च काढून कमरेजवळ हातात धरायचा. लगेच दगडादगडामागे सावली पडते आणि खड्डे-उंचवटे कळू लागतात. कातळावर दोन्ही हात गुंतलेले, तिथे हे जमत नाही.

म्हणून माझा हिशेब एवढाच: कातळटप्पा चढून पुन्हा उतरेपर्यंत उजेड हवा. खालची वाट येताना पाहिलेली असते, ती अंधारात तुडवली तरी चालते. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा आडाखा अजून कामाला येतो: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. कातळाचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वेगळा मोजायचा. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये, हात लांब करून, बोटं आडवी धरली तर एका बोटाला अंदाजे पंधरा मिनिटं. पूर्वेच्या अंगाने चढत असाल तर ही बोटमोजणी विसरा, तिथे सूर्य केव्हाच डोंगराआड गेलेला असतो.

मग जायचंच कशाला? सावलीसाठी. सूर्य खाली आला की डोंगराची सावली पूर्वेकडे लांबच लांब पसरते. माथा कितीही बोथट असो, वरून ती टोकदार त्रिकोणीच दिसते, कारण तिच्या कडा रेल्वेच्या रुळांसारख्या दूरवर जाऊन मिळाल्यासारख्या वाटतात. ती डोळे भरून पाहतो आणि निघतो. सूर्यास्त माथ्यावरून पाहायचा हट्ट मी सोडून दिलाय. कातळाच्या पायथ्याशी पाठ टेकून पाहिला तर त्यात काही कमी नसतं.

आणि एकट्याचं म्हणाल, तर निघताना घरी दोन गोष्टी सांगून ठेवतो: कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला माणसं पाठवायची. त्यानंतर वाट बदलायची नाही. वरून शेजारची सोंड कितीही सोपी दिसली, तरी नाही.