बाई, भीष्म साहनी आणि आमचा मामा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मैदान, घंटा, स्नेहसंमेलनं, सगळंच एकदम डोळ्यांपुढे आलं. पण लिहायचं ते आमच्या हिंदीच्या बाईंविषयी, हे त्याच क्षणी ठरलं.

आमची १९८८ ची दहावीची बॅच. त्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ सुरू झाली. फाळणीच्या वेळच्या दंगलीची मालिका. मुलांना कशाला दाखवायची, असं घरोघरी चाललं होतं. थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः बघितली आणि दाखवायला परवानगी दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. बाई कोर्टासाठी थांबल्या नव्हत्या. भीष्म साहनींची मूळ कादंबरी घेऊन त्या वर्गात आल्या आणि वाचायलाच लागल्या.

पहिलं प्रकरण मला आजही ऐकू येतं. कोंदट कोठडीत नत्थू एका डुकराला मारतोय, ते मरत नाही आणि रात्र सरत चालली आहे. जनावरांच्या डॉक्टरसाहेबाला पाहिजे, असं सांगून मुराद अलीने त्याच्या हातावर पाच रुपये ठेवलेले. सकाळी मशिदीच्या पायऱ्यांवर मेलेलं डुक्कर सापडतं आणि शहर पेटतं. कादंबरीच्या शेवटी शांततेच्या घोषणा देत बस फिरते, तिच्यात तोच मुराद अली बसलेला असतो. इथे आल्यावर बाई थोडा वेळ वाचायच्या थांबल्या होत्या.

मग त्यांनी लेखकाविषयी सांगितलं. जन्म १९१५, रावळपिंडीचा. मार्च १९४७ ची तिथली दंगल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, काँग्रेसच्या मदत समितीत काम केलं. कादंबरी मात्र आली सत्तरीच्या दशकात. “मधे इतकी वर्षं का गेली?” बाईंनी विचारलं आणि आमची वाट न बघता म्हणाल्या, “भिवंडीमुळे लिहिली त्यांनी.” मे १९७० च्या दंगलीनंतर भीष्मजी भाऊ बलराज साहनींबरोबर भिवंडीत गेले होते. ती जळलेली घरं बघताना रावळपिंडी पुन्हा समोर उभी राहिली आणि दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले.

भिवंडी! आमच्यासाठी ती म्हणजे स्टँडवरची एसटीची पाटी. आणि माझ्यासाठी मामा. मामा तिथे यंत्रमागावर कामाला होता. १९८४ च्या दंगलीनंतर तो आमच्याकडे राहायला आला, तेव्हा रात्र रात्र ओट्यावर बसून असायचा. मागाचा खडखडाट नसला की झोप लागत नाही, एवढंच म्हणायचा. त्यापलीकडे चार वर्षांत एक शब्द नाही.

हरनामसिंग आणि बंतो या म्हाताऱ्या शीख जोडप्याला गाव सोडावं लागतं, तो भाग लागला तेव्हा मामा माझ्या शेजारी चटईवर होता. मी बाईंकडून कळलेलं त्याला सांगितलं, “मामा, हे हरनामसिंग झालेत ना, त्यांनीच हे पुस्तक लिहिलंय.” ज्याने बघितलं तोच पडद्यावर, दीना पाठकांबरोबर, बोचकं घेऊन अंधारातून चाललेला. मग मुसलमान घरातली राजो त्यांना आपल्या घरात घेते. मामा टीव्हीकडे बघतच म्हणाला, “आमच्या शेठच्या आईने पण मला माळ्यावर ठेवलं होतं. दोन रात्री. शिडी काढून घ्यायची. भाकरी द्यायची तेवढ्यापुरती लावायची.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारातच उभी राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

सोमवारी बाईंना सांगितलं. त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. “मामा बोलतील तसं उतरून घे. तुझी भाषा घालू नकोस.” पुढचे काही महिने परीक्षेच्या अभ्यासाबरोबर मी तेच केलं. मामा आता नाही, बाईही नाहीत. वही माझ्याजवळ आहे. पहिल्याच पानावर त्या म्हातारीचं मामाला सांगणं आहे: “खोकला आला तर गोधडी तोंडात धर, बेटा. खाली माणसं बसलीत.”