दीडशे माणसांचा स्वयंपाक

पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा लेखक हा प्रश्न घेऊन येतोच: "एकांकिकेत एकोणीस-वीस वर्षांचा सैनिक आहे. हौसेने भरती होतो आणि शेवटी त्याचा भ्रमनिरास होतो. तो दाखवायचा कसा?" संहिता चाळली की लक्षात येतं, उत्तर त्याने आधीच लिहून टाकलेलं आहे. शेवटच्या पाच मिनिटांत मुलगा रंगमंचाच्या मधोमध येतो, वरून निळा स्पॉट पडतो आणि युद्ध किती वाईट यावर तो दीड पान बोलतो. टाळ्या पडतात. पण त्या त्याच्या मतांना पडतात. त्याचं नेमकं काय झालं, हे घरी जाताना कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाषण काढा आणि हिशेब घाला.

कसला हिशेब, ते पुण्यात बसून समजायला सोपं आहे. १७६१ साली पानिपताहून नानासाहेब पेशव्यांकडे निरोप आला: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला याची गणती नाही. (मोहरांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, ते सोडा.) मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. विश्वासरावाने विशीही गाठलेली नव्हती. त्याच्याच वयाची जी पोरं त्या दिवशी पडली ती सगळी खुर्द्यात जमा. पोवाडे मोत्यांवर झाले, मोहरांवर झाले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात जे लिहिलं गेलं त्यात हा खुर्दा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने स्वतः लिहू लागला, आणि त्याने लिहिताना मोजदाद सोडली नाही.

एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या इंग्रजी नावाने माहीत असलेली कादंबरी (१९२९) घ्या. ती सुरू होते भटारखान्यापाशी. बल्लवाने दीडशे माणसांचा घेवडा आणि मांस शिजवलंय. आघाडीवरून परत आलेत ऐंशी. तो वाढायला तयार नाही, कारण त्याच्या कागदावर दीडशे आहेत. पोरं मात्र खूश, आज दुप्पट मिळणार. शेवटी अधिकारी येतो आणि सगळं वाढायला लावतो. सत्तर माणसं गेल्याबद्दल कुणी रडत नाही, हुंदका नाही, पार्श्वसंगीत नाही. वाचणारा आधी त्यांच्या ताटाकडे बघतो आणि मग त्याच्या पोटात गोळा येतो. मेलेल्या मित्राच्या वाटणीचं जेवण बिनदिक्कत जेवता येणं, हाच तो भ्रमनिरास. तो झालेला मुलगा तुम्हाला पहिल्याच प्रवेशात भेटतो, तोही हसताना.

पुढे बुटांची गोष्ट येते. केमरिख नावाचा मुलगा इस्पितळात पडलाय, पाय कापलाय. त्याच्या खाटेखाली इंग्रज वैमानिकाचे मऊ पिवळ्या चामड्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट आहेत. म्युलर त्या बुटांवर नजर ठेवून असतो. तुमच्या एकांकिकेत म्युलर खलनायक झाला असता. रेमार्क तसं होऊ देत नाही. पाउल या निवेदकाचं म्हणणं एवढंच, की केमरिखला त्या बुटांचा उपयोग असता तर म्युलर तारेच्या कुंपणावरून अनवाणी चालला असता, पण त्यांना हात लावला नसता. बूट आधी म्युलरकडे जातात, म्युलर पोटात प्रकाशगोळा लागून मरताना ते पाउलला देतो, आणि पाउलने ते आधीच त्याडेनला कबूल करून ठेवलेले असतात. एक वस्तू तीन-चार हातांतून जाते आणि दर वेळी एक माणूस कमी होतो. संवादात 'मृत्यू' हा शब्द घालायची गरजच उरत नाही.

संहिता इथेच फसतात. वस्तू आणली जाते, मग लगेच तिचा अर्थही सांगून टाकला जातो. आईने दिलेला रुमाल असतो, त्यावर रक्त असतं, आणि नट तो उंच धरून त्याच्याशी बोलतो. रुमाल कामाला लावा. त्याने बंदूक पुसू दे, घाम पुसू दे, शेवटी दुसऱ्या कुणी त्यात तंबाखू बांधून घेऊ दे.

आणि बोलायचंच असेल तर प्रमाण राखा. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची विषारी वायूवरची 'डुल्से एट डेकोरम एस्ट' ही कविता २८ ओळींची आहे. त्यातल्या पहिल्या २४ ओळी नुसतं शरीर आहे: वाकलेल्या पाठी, बूट हरवलेली रक्ताळलेली पावलं, मुखवटा चढवायला एकाला झालेला उशीर, गाडीत टाकलेल्या त्याच्या फुफ्फुसांतून येणारा आवाज. देशासाठी मरणं गोड असतं हे जुनं लॅटिन वचन खोटं आहे, हे तो शेवटच्या चार ओळींत म्हणतो. चोवीसला चार. पाऊण तासाच्या एकांकिकेत सहा-सात मिनिटं होतात, आणि तीही आधीची अडतीस कमावली असतील तरच.

भ्रम आला कुठून, हेही दाखवावं लागतं. रेमार्ककडे कांटोरेक मास्तर अख्खा वर्ग भरतीला नेतात. एकटा योसेफ बेम कां-कू करतो, शेवटी लोकलाजेस्तव जातो आणि सगळ्यांत आधी गेलेल्यांत तोच असतो. तरीही मास्तर राक्षस नाहीत. आपण बरोबर सांगतोय अशी त्यांची खात्री आहे. तुमच्या नाटकातले मास्तर किंवा पुढारी पहिल्या वाक्यालाच खोटारडे वाटत असतील तर मुलगा मूर्ख ठरतो, आणि मूर्खाचा भ्रमनिरास बघायला कोण थांबेल?

सुट्टीचा प्रवेश मात्र वगळू नका. मुलगा घरी येतो. वडील चारचौघांत त्याला तिकडचं सांगायला लावतात, टेबलाभोवतीची प्रौढ मंडळी कुठला मुलूख खालसा करायचा ते ठरवत बसतात, आणि त्याच्याकडे शब्द नसतात. पुण्यात हा प्रवेश लिहायला कल्पनाशक्ती लागत नाही, कुठल्याही अमृततुल्यात जाऊन बसा.

विषय युरोपातलाच का घ्यावा, हा माझा उलटा प्रश्न. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत या गावी ती डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण आली. पीठ कमी होत गेलं, घोडे-खेचरं कापली गेली. हिंदी शिपायांनी बराच काळ ते मांस नाकारलं आणि त्यांना स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, गाठलं. खा म्हणणारा साहेब, घरी जात जाईल म्हणणारं मन आणि हिरड्यांतून येणारं रक्त. नाटक इथे आयतं वाढून ठेवलंय. मराठीने ते उचललेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्याकडच्या 'रणांगण' (१९३९) या विश्राम बेडेकरांच्या थोर कादंबरीत रणांगण नाहीच, बोट आहे आणि बोटीवरचे निर्वासित आहेत.

फक्त एक चूक टाळा. १९१६चा शिपाई आजच्या पदवीधरासारखा बोलणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, मग ते सेन्सॉरचा साहेब वाचणार, आणि गावात तिसराच कुणी मोठ्याने वाचून दाखवणार. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे आज वाचायला मिळतात. त्यात एकाने काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, अशा भाषेत हिंदी आणि गोऱ्या सैनिकांबद्दल कळवलं आहे. सेन्सॉरला ते कळलं, हा भाग वेगळा. एकच पत्र तीन वेळा, तीन माणसांसमोर वाचलं जातंय आणि दर वेळी त्यातलं थोडं खाली राहतंय, एवढ्यावर एकांकिका उभी राहते.

"पण आम्ही आघाडी बघितलेली नाही," हे पुढचं वाक्य ठरलेलं. 'द रेड बॅज ऑफ करेज' (१८९५) ही अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची कादंबरी लिहिणारा स्टीफन क्रेन ते युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला. खुद्द रेमार्क आघाडीच्या टापूत काही आठवडेच होता; जुलै १९१७च्या शेवटी जखमी झाला. त्या आठवड्यांतलं काय लक्षात ठेवलं, ते महत्त्वाचं. बूटपॉलिशच्या डबीचं झाकण मेणबत्तीवर तारेने अडकवून त्यात उवा कशा टाकायच्या, हे त्याच्या लक्षात होतं.

नेपथ्याला पैसे नसतात, हे माहीत आहे. खंदक नसला तरी चालेल, वाळूची पोतीही नकोत. पातेलं मात्र मंगल कार्यालयातून भाड्याने आणा, चांगलं मोठं. भरत नाट्यच्या शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे की जेवणाऱ्यांच्या मानाने ते फार मोठं आहे.