मागे राहिलेली रेषा

गेल्या मंगळवारी बाप-लेक प्रयोगशाळेत आले. मुलगी 19 वर्षांची. बापाने खिशातून चार घड्या पडलेला आमचाच जुना रिपोर्ट काढला. "ताई, एवढं 'सिकलसेल नाही' असं लिहून द्या. सोयरीक मोडतेय."

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. रिपोर्टवर सही माझीच. तीन वर्षांपूर्वी आश्रमशाळेच्या शिबिरात पॉझिटिव्ह मुलांची यादी मी तशीच उघडी मुख्याध्यापकांच्या हातात दिली होती, आणि त्यांनी ती वर्गात मोठ्याने वाचली. त्यांचा मला अजून राग येतो. माझाही येतो.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात मी हे काम करते. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट: द्रावणात रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण रुग्ण की नुसता वाहक, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला आणि स्वतः आजारी नसलेला, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस: विजेच्या प्रवाहाने पट्टीवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायचे. पट्टीला रंग दिला की लाल रेषा उमटतात. वाहकाच्या दोन: नेहमीच्या हिमोग्लोबिनची 'ए' पुढे गेलेली, सिकलची 'एस' मागे राहिलेली. रुग्णात 'ए' उमटतच नाही. या मुलीच्या दोन्ही रेषा स्वच्छ होत्या. म्हणजे वाहक, आजार नाही, औषध नाही. वर्गात वाचलेल्या यादीत मात्र सगळी एकाच माळेत.

"मुलाला तपासलंय का?" विचारलं. कुणी तपासलंच नव्हतं. तपासायचं ते फक्त मुलीला! मी हट्टाने फोन करायला लावला. दुपारी मुलगा मामांबरोबर आला. त्याची एकच रेषा, 'ए'. मुलीला विचारून मी दोघांच्या पट्ट्या उजेडात धरून दाखवल्या. दोघंही वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. इथे ती भीतीच नाही. मूल फार तर तिच्यासारखं वाहक.

मुलाला पटत होतं. मामा म्हणाले, "ते खरं हो ताई, पण घरात सिकलचं नाव येणारच ना."

मी गप्प झाले. 2016च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा रुग्ण आहे, वाहक नाही. जनुकीय आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव आहे, असं 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण कंपनीला कोर्टात खेचता येतं, मामांना कुठे नेऊ? सिकलसेलच्या राष्ट्रीय अभियानाचं लक्ष्य 7 कोटी लोक तपासण्याचं. किती नमुने झाले हे वरून सतत विचारतात. समजावून सांगायला किती वेळ दिला, हे एकदाही कुणी विचारलेलं नाही.

निघताना मुलगी मागे थांबली. "ताई, सोमवारी आमच्या पाड्यावर शिबिर आहे ना? धाकटीचं नाव यादीतून काढा."

यादी 60 जणांची आहे. या वेळी पाकिटं मी स्वतः विकत आणली आहेत, साठच. धाकटीचं नाव अजून यादीत आहे.